सातवीत आलो, आता पथकात जागा पक्की?



दिवाळीची सुट्टी संपते, सकाळी थंडी पडू लागते आणि शाळेच्या मैदानावर ‘छुन् छुन् छन्’ असा आवाज घुमायला लागतो. कसला बरं हा आवाज? बरोबर ओळखलंत! लेझीमचा. २६ जानेवारी जवळ येत असते. झेंडावंदनाला पाहुणे येणार, आई-बाबा येणार आणि सगळ्यांसमोर शाळेचे लेझीम पथक खेळणार. त्या पथकात आपण असावं, असं कोणाला वाटणार नाही?

आणि मग दरवर्षी, अगदी न चुकता, एक प्रश्न माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहतो.

“बाई, आम्ही सातवीचे. आमची जागा तर पक्कीच ना?”

आता गंमत पाहा. आमच्या शाळेत लेझिमी आहेत ३२ आणि नाव देणारी मुले असतात त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना ‘नाही’ म्हणावंच लागतं. ते कोणाला म्हणायचं? जो वयाने लहान आहे त्याला, की ज्याला खेळ कमी येतो त्याला?

तुमच्या शाळेत कदाचित लेझीम नसेल. ढोल-ताशा असेल, बँड असेल, खो-खोचा किंवा कबड्डीचा संघ असेल. प्रश्न तोच. हा वाद फक्त आपल्या पिंपरी-चिंचवडचा किंवा चाकणचाही नाही बरं का! आयपीएलच्या सामन्यात सीमारेषेजवळ नाचून खेळाडूंचा उत्साह वाढवणाऱ्या चिअरलीडर तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. अमेरिकेतल्या शाळांमध्ये विद्यार्थ्यांचीच अशी पथके असतात. एक पहिले पथक, एक दुसरे पथक. तिथेही हेच भांडण होतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना पहिल्या पथकात आपोआप जागा द्यायची की चाचणी घ्यायची? तर चला, आज या प्रश्नाचा नीट विचार करू या. निकाल घाईने नको.

चुकलेली लेझीम लपत नाही

आधी लेझीम म्हणजे काय ते पाहू. एक लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना बांधलेली लोखंडी साखळी, साखळीच्या मधोमध धरायला मूठ आणि साखळीत ओवलेल्या पातळ चकत्या. लेझीम ताणली की ती धनुष्यासारखी दिसते, झटका दिला की वाजते. पूर्वी आपल्याकडे तालमीत ती व्यायाम म्हणून खेळत. तालमीतून ती गावच्या जत्रेत आली, मिरवणुकीत आली आणि तिथून शाळेत आली. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ भरले होते, तेव्हा देशोदेशीच्या पाहुण्यांनीसुद्धा महाराष्ट्राची लेझीम पाहिली.

खेळायला सोपी वाटते, पण आहे मोठी लबाड! ‘चार आवाज’ हा अगदी पहिला धडा. चार अंकांत चार ठोके. तेवढं जमलं की ‘पवित्रा’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’ असे एकेक प्रकार येतात. हात, पाय, कंबर आणि कान अशी चौघांची गट्टी जमावी लागते. समूहगीतात एखाद्याने नुसते ओठ हलवले तरी खपून जातं. लेझीममध्ये नाही खपत. ३२ जणांतल्या एकाचा हात अर्धा अंक मागे राहिला, तर त्या चकत्या लगेच चुगली करतात. ‘छन्’च्या मागून एक एकटं ‘छन्’ ऐकू येतं आणि सगळं मैदान तिकडे बघतं. ज्याचं चुकलं त्यालाही ते ऐकू येतं. त्याला किती वाईट वाटत असेल!

म्हणून ‘घ्या की बाई त्यालाही, काय बिघडतं?’ असं सहज म्हणता येत नाही. तयारी नसलेल्या मुलाला पुढे उभं करणं ही त्याच्यावर माया नव्हे.

सातवीचे काय म्हणतात?

तरीही मोठ्या मुलांचं म्हणणं नीट ऐकायला हवं. ती तीन गोष्टी सांगतात.

पहिली : “पाचवीच्यांना अजून दोन वर्षं आहेत. आमचं या शाळेतलं हे शेवटचं वर्ष. आता नाही तर कधीच नाही.”

दुसरी : “आम्ही पाचवीत होतो तेव्हा तुम्ही मोठ्यांनाच घेतलं. आम्ही लेझिमी मोजून ठेवल्या, मैदानावर फक्की मारली, टाळ्या वाजवल्या. आता आमची पाळी.”

तिसरी : “पाहुणे बघून लहान मुलं बावरतात. आम्ही असलो की पथक सावरतं.”

यातलं एकही म्हणणं खोटं नाही. शेवटचं वर्ष हे खरोखरच शेवटचं असतं. ज्याने दोन वर्षे रांगेत उभं राहून वाट पाहिली, त्याच्या पुढे कोणी आलं की पोटात तुटतं. पाळी मोडणं हा अन्यायच. पण पाळी कशाची होती, हे मात्र आपल्याला तपासलं पाहिजे.

कंपनीतली यादी

हा प्रश्न आपल्या भागात जरा जास्तच जोरात विचारला जातो. त्याला कारण आहे. १९५४ साली पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कंपनीची स्थापना झाली. मग पिंपरी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी असे करत कारखाने वाढले आणि पुढे चाकणपर्यंत पोचले. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा, बाबा, काका, काही जणांची आईसुद्धा कंपनीत कामाला गेली असेल. त्यामुळे ‘सिनिऑरिटी’ हा शब्द आपल्या घरात चहाबरोबर ऐकू येतो. कोण आधी लागला, कोण नंतर लागला, याची यादी असते. मग मुलंही म्हणतात, “कंपनीत सिनिअरला मान असतो, मग शाळेत का नाही?”

प्रश्न चांगला आहे. पण ही यादी मुळात कशासाठी असते, ते ठाऊक आहे? साहेबाने मनाला येईल त्याला काढू नये, मनाला येईल त्याला ठेवू नये, म्हणून. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने असं तत्त्व घालून दिलं, की कामगार कमी करायची वेळ आलीच तर एकाच प्रकारच्या कामातला जो सर्वांत शेवटी लागला, तो साधारणपणे आधी कमी व्हावा. म्हणजे ज्याने आयुष्याची वर्षे दिली, त्याच्या पोटावर लहरीने पाय येऊ नये. फार मोलाची गोष्ट आहे ही.

पण त्याच कंपनीत दुसरीही एक रीत असते. शिकाऊ उमेदवार, म्हणजे आपण ज्याला अप्रेंटिस म्हणतो, त्याचं उदाहरण घ्या. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे तो ठरलेली मुदत कामावर शिकतो. पण मुदत भरली म्हणून प्रमाणपत्र आपोआप हातात पडत नाही. परीक्षा द्यावी लागते. वेल्डिंग करून दाखवावं लागतं, लेथवर माप काढून दाखवावं लागतं. क्रेन चालवायला कोणाला बसवायचं, हेही नुसती वर्षे मोजून कोणी ठरवत नाही. खाली माणसं उभी असतात!

म्हणजे बघा, नोकरी टिकवायची तेव्हा वर्षे मोजली जातात आणि हातातलं कसब सिद्ध करायचं तेव्हा काम पाहिलं जातं. आता तुम्हीच सांगा, लेझीम पथक यातल्या कशासारखं?

जुलैमध्ये आलेली मुलं

आपल्या भागाची आणखी एक खासियत आहे. इथल्या वर्गात वर्षभर नवी मुलं येत असतात. कोणी लातूरहून, कोणी बीडहून, कोणी बुलढाण्याहून, कोणी थेट बिहार-उत्तर प्रदेशातून. बाबांना चाकणला किंवा महाळुंग्याला काम लागलं, खराबवाडीला खोली घेतली. काम बदललं, खोली बदलली, तळवड्याला आले. की पुन्हा नवी शाळा.

आता दोन नियम करून पाहू. पहिला नियम : ‘जो पथकात सर्वांत जास्त वर्षे, त्याला आधी जागा.’ मग गेल्या जुलैत आलेल्या मुलीला कितीही सुंदर लेझीम येत असली, तरी तिची पाळी कधीच येणार नाही. कारण तिची वर्षे आधीच्या गावातल्या शाळेत राहिली.

दुसरा नियम : ‘जो सातवीत, त्याला जागा.’ मग असं होईल, की जुलैत सातवीत आलेल्या आणि लेझीम कधी हातातही न धरलेल्या मुलाला जागा मिळेल, आणि दोन वर्षे रोज सराव केलेला सहावीचा मुलगा बाहेर बसेल. इथे रांगेत थांबलेल्यालासुद्धा न्याय मिळाला नाही! सातवीत तर सगळेच जातात. जून आला की वर्ग पुढे सरकतो. हात मात्र सरावानेच बसतो.

मैदानावर काय रीत आहे?

शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात, हे तुम्हाला माहीत आहे. ही वयाची अट नीट वाचा. ती सांगते की यापेक्षा मोठं चालणार नाही. ‘यापेक्षा लहान चालणार नाही’ असं ती सांगत नाही, आणि ‘सर्वांत मोठ्याला आधी घ्या’ असं तर मुळीच नाही. खो-खोच्या संघात १२ जणांची नावं असतात, मैदानात ९ उतरतात, तिघे राखीव. त्या नऊ जणांत चपळ पोर वयाने लहान असेल तरी चालतं. खांबाला वळसा घालताना वय कोणी विचारत नाही.

आता मुंबईची एक खरी गोष्ट सांगते. तुमच्या आई-बाबांना अर्धी माहीत असेल. फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर शाळांच्या हॅरिस शील्ड क्रिकेट स्पर्धेचा सामना. शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी १६ वर्षांचा आणि सचिन तेंडुलकर अवघा १४ वर्षांचा. ‘आधी मोठ्यांना घ्या, सचिनचं पुढच्या वर्षी बघू’ असं जर कोणी म्हटलं असतं तर?

पण मला गोष्ट सांगायची आहे ती तिसऱ्या मुलाची. त्या सामन्यात पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता. वय १३. नाव अमोल मुझुमदार. तो वाट पाहत राहिला, हे दोघे बादच होईनात! त्याची पाळी आलीच नाही. हा अमोल पुढे मोठा फलंदाज झाला. १९९४ साली पहिल्याच रणजी सामन्यात त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या. पण भारताच्या संघाकडून एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. त्याच्या काळात त्या जागांवर खेळणारे फारच थोर फलंदाज होते.

‘इतकी वर्षे थांबलो, आता घ्याच’ असं म्हणून भारताच्या संघात जागा मिळत नाही. कष्ट केले, खेळही उत्तम आला, तरी कधीकधी जागा मिळत नाही. हे कडू आहे, पण मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. मात्र शिकलेलं वाया गेलं का? २०२३ साली अमोल मुझुमदार भारताच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला. जो पॅड बांधून बसून राहिला होता, त्याने शिकवलेल्या खेळाडूंनी चषक उचलला!

न मागता मिळालेला फायदा

आता चाचणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक चिमटा काढते. ‘चाचणी घेतली की झाला न्याय’ असं वाटतं. पण थांबा. १९८०च्या दशकात कॅनडातल्या अभ्यासकांना एक मजेदार गोष्ट आढळली. तिथे मुलांच्या आइस हॉकीचे गट जानेवारी ते डिसेंबर या जन्मवर्षावर ठरत. आणि निवडल्या गेलेल्या खेळाडूंत वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेली मुलं फार जास्त निघाली! का? कारण लहानपणी आठ-दहा महिन्यांचा फरकही मोठा असतो. जानेवारीतला मुलगा डिसेंबरमधल्यापेक्षा उंच, दणकट. प्रशिक्षकांना वाटायचं, ‘हा हुशार आहे.’ मग त्यालाच जास्त सराव, जास्त सामने, आणि तो खरंच पुढे जायचा.

आठ-दहा महिन्यांत एवढा फरक, तर पाचवी आणि सातवीत दोन वर्षांचा फरक! म्हणजे सातवीच्या मुलांना उंचीची, ताकदीची आणि सवयीची भेट आधीच मिळालेली असते. वर आणखी राखीव जागा कशाला? आणि आम्हा शिक्षकांनाही यातून शिकायला हवं, की चाचणीत उंची आणि जोर बघायचा नाही. ताल बघायचा, नवा प्रकार किती लवकर उचलतो ते बघायचं, आणि शेजारच्याचं न पाहता स्वतः मोजतो का, ते बघायचं.

मग करायचं काय?

माझं मत सांगते. मोठा वर्ग म्हणून पहिल्या पथकात जागा आपोआप मिळू नये. पण मोठ्या मुलांना नुसतं ‘चाचणी द्या’ म्हणून वाऱ्यावर सोडणंही बरोबर नाही. म्हणून अशी पद्धत ठेवावी.

१. नियम जूनमध्येच सांगायचा. फलकावर लिहायचा. डिसेंबरमध्ये अचानक ‘या वर्षी चाचणी आहे’ म्हटलं, तर दोन वर्षे थांबलेल्या मुलांची ती फसवणूकच. जुनी रीत बदलायची असेल, तर एक वर्ष आधी कळवायला हवं.

२. चाचणी सगळ्यांना सारखी. तेच प्रकार, तोच ठेका. दोन शिक्षकांनी वेगवेगळे गुण द्यायचे आणि मग बेरीज करायची. म्हणजे एकाच्या आवडीनिवडीवर गाडी अडत नाही.

३. एकच दिवस शेवटचा नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा संधी. ताप आला असेल, हात दुखत असेल, घरात काही झालं असेल.

४. गुण सारखे पडले, तर जागा मोठ्याला. ‘आमचं शेवटचं वर्ष’ हे म्हणणं इथे मोजायचं. इथे त्याचं वजन अगदी योग्य आहे.

५. दुसरं पथक हवंच. पहिलं पथक २६ जानेवारीला खेळेल, तर दुसरं १९ फेब्रुवारीला शिवजयंतीला खेळेल. लेझिमी त्याच, मुलं वेगळी. कोणीही वर्षभर फक्त फक्की मारायची नाही.

६. लहानांना शिकवण्याचं काम मोठ्यांना. सातवीच्या प्रत्येकाने पाचवीच्या दोघांना ‘चार आवाज’ पक्का करून द्यायचा. शिकवता शिकवता स्वतःचाही हात सुधारतो, हे मी वर्गात पुष्कळदा पाहते.

आणि ज्यांची निवड झाली नाही, त्यांची नावं सर्वांसमोर वाचायची नाहीत. बाजूला बोलावून सांगायचं, “दो रुखमध्ये तुझा डावा पाय मागे राहतो. एवढं सुधार, तीन आठवड्यांनी पुन्हा बघते.” नुसतं ‘नाही’ ऐकून मूल घरी रडत जातं. नेमकं काय चुकलं ते कळलं, तर ते मैदानावर परत येतं.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी

शिफ्ट करून थकून आल्यावर मुलगा कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेला दिसला, की जीव तुटतो. मग आपण पटकन म्हणतो, “तुझ्या जागेवर त्या पाचवीच्या पोरीला घेतलं? उद्या येतो शाळेत!” जरूर या. पण ‘माझ्या मुलाला घ्या’ म्हणायला नको. ‘नियम काय होता आणि तो सर्वांना सारखा लावला का?’ हे विचारायला या. हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि शिक्षकांनी उत्तर दिलंच पाहिजे. ओळखीवर, वर्गणीवर किंवा गल्लीतल्या वजनावर जागा दिली गेली असेल, तर सातवीच्या मुलाचा राग अगदी बरोबर आहे.

आणि घरी मुलाला ‘कोणी तुझी जागा घेतली?’ असं विचारू नका. ‘कुठला प्रकार अवघड जातो, दाखव बघू,’ असं म्हणा. लेझीम नसली तर लाटणं चालेल!

आता तुमची पाळी

मुलांनो, माझं मत मी सांगितलं. ते तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. तुमच्या वर्गात दोन गट करा आणि वाद घाला. पण एक अट. सातवीच्यांनी पाचवीच्या बाजूने बोलायचं आणि पाचवीच्यांनी सातवीच्या बाजूने!

वाद झाला, की तुमच्या पथकासाठी एक नियम स्वच्छ अक्षरात कागदावर लिहा. मग तो तिघांना वाचायला द्या : एक सातवीतला, एक पाचवीतला आणि एक नुकताच शाळेत आलेला. ‘माझी निवड झाली नाही, तरी हा नियम मला मान्य आहे,’ असं तिघांनाही म्हणता आलं, तर तो कागद बाईंकडे किंवा सरांकडे घेऊन जा. नाही म्हणता आलं, तर खोडरबर घ्या आणि पुन्हा बसा!

— तुमच्या बाई